झाडाच्या पोटात कर्ब

आमच्या घरात अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, काही सांगायचं तर लिहावं लागतं. कान जवळजवळ गेलेत. यंत्र आणलेलं आहे, ते कपाटात सुखरूप आहे. घातलं की पंख्याचाच आवाज मोठा येतो म्हणतात, आणि पंखा चेन्नईत बंद कधी असतो? म्हणून फोनवर निरोप लिहायचा, आणि तोही तमिळ अक्षरांत. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. ही तंजावरकडची मंडळी, पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलत आलेली, पण अप्पांच्या शाळेत मराठी नव्हतंच. देवनागरी त्यांना वाचता येत नाही. मी साताऱ्याची. लग्न करून अण्णा नगरात आले, भाजीवालीसाठी तमिळ बोलायला शिकले आणि मराठी सासऱ्यांसाठी तमिळ लिहायला शिकले. माहेरी हे सांगितलं की अजून कुणाला खरं वाटत नाही.

ह्या लिपीत क, ख, ग, घ सगळ्यांना मिळून एकच अक्षर. प, फ, ब, भ ह्यांचंही तसंच. ‘गाडी आली’ लिहिलं तर ‘काडी आली’ असंही वाचता येतं. पण काडी कशाला येईल, म्हणून माणूस आपोआप गाडी वाचतो. सासूबाई होत्या तोवर ह्यावरून घरात खूप हसणं व्हायचं. मी लिहिलेलं त्या मुद्दाम उलटंपालटं वाचून दाखवायच्या आणि मी चिडले की अजून वाचायच्या.

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एक माती तपासायची प्रयोगशाळा आहे, तिथे मी नोकरी करते. दिवसभर लोकांची माती. पिशव्या फोडायच्या, चाळायची, काचेच्या चंबूत घालून त्यावर आम्ल ओतायचं. चंबू हाताला चटका बसेल इतका तापतो. मग थेंबाथेंबाने दुसरं द्रावण सोडत बसायचं. गढूळ जांभळा रंग एकदम हिरवा झाला की थांबायचं. त्यावरून मातीत कर्ब किती ते कळतं. कर्ब म्हणजे तुमचा तो कार्बन. आमच्या साताऱ्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी हाच शब्द असतो, ‘सेंद्रिय कर्ब’, त्यामुळे मीही तोच वापरते. प्रयोगशाळेतल्या पोरी मला त्यावरून चिडवतात.

ह्या नोकरीमुळे एक खोड लागली. कुठलंही मोठं झाड दिसलं की मी मनात त्याचं वजन करते. वाळलेल्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन कर्बाचं असतं, आणि तो सगळा हवेतून आलेला. पानं हवा ओढतात, उन्हात तिची साखर करतात, साखरेचं लाकूड होतं. आंब्यासारखं झाड वर्षानुवर्षं हे करत राहतं. फळातला कर्ब आपण खातो आणि श्वासातून परत सोडून देतो, तो काही टिकत नाही. टिकतो तो खोडात, मुळांत, आणि गळून कुजलेल्या पानांतून खालच्या मातीत. फळबागेची हीच तर मजा. भात दरवर्षी कापतात, रान नांगरतात. बाग मात्र जागची हलत नाही, आणि तिच्याखालची मातीही कुणी फारशी उलटीपालटी करत नाही. कर्ब तिथे गुपचूप साठत राहतो.

अप्पांची अशी एक बाग होती, तिरुवळ्ळूरच्या पुढे. बनगनपल्ली आणि रुमानी आंब्यांची. त्यांनी आणि सासूबाईंनी, आमच्या अम्मांनी, मिळून लावलेली, माझा नवरा रांगत होता तेव्हा. सासूबाईंचा तिथे एकच कायदा होता, वाळलेलं पान जाळायचं नाही. झाडून बुंध्याशी लोटायचं. शेजारपाजारचे लोक आपली बाग अंगणासारखी लख्ख ठेवायचे आणि आमचीला कचऱ्याचं रान म्हणायचे. मी एकदा तिथली माती पिशवीत भरून प्रयोगशाळेत नेली. काळीभोर, भुसभुशीत, नाकाला लावली तर पावसाळ्यातल्या जंगलासारखी. कर्ब इतका निघाला की माझ्या साहेबांनी मला पुन्हा तपासायला लावलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आता तरी शेजारणीला सांग. त्या गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली.

गेल्या वर्षी नवऱ्याने विषय काढला की बाग काढून टाकू. आजूबाजूला सगळीकडे गोदामाच्या शेड उभ्या राहिल्यात, आपल्या जागेलाही मागणी आहे, भाड्याने देऊ. त्याचं म्हणणं वेडगळ होतं असं नाही. झाडांना भिरूड लागला होता, खोडातून भुसा गळत होता. राखायला माणूस मिळत नव्हता. अप्पांच्याने बसमध्ये चढवत नव्हतं. पण मी भडकलेच. मी त्याला म्हटलं, तिथे तुझ्या आईचा हात आहे आणि वर टनावारी कर्ब आहे. यंत्र लावून झाडं उपटलीस की खोडं जातील वीटभट्टीत, आणि माती उघडी पडली की तिच्यातलाही हळूहळू उडून जाईल. तुझ्या आईने इतकी वर्षं जमवलेलं तू हवेत सोडणार. तो म्हणाला की बाई, हे तुझं प्रयोगशाळेतलं माझ्याशी बोलू नकोस, जागा अप्पांची आहे, त्यांना पटव. मग काय, पटवते की. मी तिथेच फोन काढला आणि अप्पांना निरोप लिहिला:

“अप्पा, बाग काढू देऊ नका. जुन्या झाडांच्या पोटात कर्ब असतो. झाड पाडलं की तो जातो. परत मिळत नाही.”

अप्पा पलीकडच्या खोलीत होते. निरोप वाचला गेल्याची खूण आली. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. मग आले, माझ्यासमोर उभे राहिले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि देवघरात गेले. मला वाटलं, झालं, पटलं. मी नवऱ्याकडे बघून भुवया उडवल्या.

आणि खरंच पटलं होतं. त्या दिवसापासून अप्पांनी बागेचा विषय निघाला की एकच शब्द धरला, नाही. कारण विचारलं की गप्प. नवऱ्याने परोपरीने समजावलं, लिहून दिलं, शेडचे फोटो दाखवले. ते मान हलवायचे आणि माझ्याकडे बघायचे. ते बघणं मला जरा विचित्र वाटायचं. जेवताना माझ्या पानात स्वतःहून भाजी वाढू लागले, मी बादली उचलली की पुढे येऊन काढून घेऊ लागले. म्हातारपणी माणसं हळवी होतात, असं म्हणून मी सोडून दिलं.

एका रविवारी आम्ही दोघं बाग बघायला गेलो. नवरा मागणी करणाऱ्या माणसाला फाटकाशी भेटत होता, मी आत शिरले. विहिरीजवळ पहिलं लावलेलं रुमानीचं झाड आहे, सगळ्यांत जाड. त्याच्या बुंध्याला हळदीत भिजवलेला दोरा गुंडाळला होता, आणि दोऱ्यात ओवलेल्या बांगड्या. काचेच्या, हिरव्या, सोनेरी ठिपक्यांच्या. बुंध्याला गोल फिरून पुन्हा गाठ मारलेली. खाली कुंकू, वाळलेली फुलं.

त्या बांगड्या माझ्या होत्या.

हे आता सांगायलाच हवं. इकडे सातव्या महिन्यात गर्भार बाईच्या दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या भरतात, मनगटापासून पार वर. पोटातल्या बाळाला त्यांची किणकिण ऐकू येते म्हणतात. माझ्या वेळी सासूबाई मला घेऊन दुकानात गेल्या होत्या. त्यांना लाल हव्या होत्या, मी हट्टाने हिरव्या घेतल्या, म्हटलं आमच्याकडे हिरवा चुडा असतो. कार्यक्रमाचा दिवस ठरला होता, पायसमला दूध सांगितलं होतं. त्याच्या आधीच अड्यारच्या दवाखान्यात सगळं संपलं. डॉक्टर म्हणाल्या, कुणाचीच चूक नाही. घरी आले तर बांगड्यांचा डबा फळीवर नव्हता. कुठे ठेवला मी विचारलं नाही. कुणी बोललंही नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही, कधीच नाही. नंतर दिवस गेलेच नाहीत. शेजारणी दिसल्या की विचारायच्या, विशेष काही? इथे विशेष म्हणजे तेच. सासूबाई त्यांना दारातूनच कटवायच्या, पण मला जवळ घेऊन एक शब्द बोलल्या नाहीत. नवरा तर विषय जवळ आला की गाडी पुसायला जायचा. आपल्या भाषेची तरी कमाल बघा. बांगडी कधी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, तोही वाढवतात. ह्या घरात माझं मूल असंच कुठेतरी वाढवून ठेवलं होतं.

नवरा मागून आला. म्हणाला, हे कुणी केलं? त्याने बांगड्या ओळखल्या नाहीत. मी सांगितलं. तो खालीच बसला. मग आम्हाला उमगलं की मधे एकदा अप्पा देवळात जातो म्हणून गेले आणि संध्याकाळी धुळीने माखलेले परत आले होते, ते कुठे गेले होते. बसमध्ये चढवत नाही म्हणणारा माणूस, कपाटातून डबा शोधून, एकटा, बस बदलून.

पण कशासाठी? मी फोन काढून तो निरोप पुन्हा वाचला. ह्या वेळी अप्पांच्या डोळ्यांनी, तमिळ अक्षरांत. क आणि ग एक. ब आणि भ एक. कर्ब नाही, गर्भ. झाडांच्या पोटात गर्भ असतो. झाड पाडलं की तो जातो. परत मिळत नाही.

मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो हसायला लागला, सवयीने, घरात नेहमी हसायचो तसा. “तो जातो”पाशी त्याचं हसणं थांबलं. अप्पांना वाटलं होतं की मी माझंच सांगते आहे. इतक्या वर्षांनी सून बोलली, आणि झाडाचं नाव पुढे करून बोलली. मग त्यांनी त्यांच्या परीने उत्तर दिलं. मी जे नुसत्या कर्बासाठी लिहिलं होतं, त्याचं.

परत येताना नवरा गाडी चालवता चालवता म्हणाला की अप्पांना खरं काय ते सांगायला हवं. त्यात त्याचा स्वार्थ होता आणि तो त्याने लपवला नाही. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी दोन दिवस तोंड शिवून बसले. बाग राहायला हवी असेल तर मी नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची ह्या घराला उत्तम सवय. पण अप्पा रोज सकाळी विचारायला लागले, बागेत पाणी घातलं का, तिला उन्हाचं सोसतंय का. तिला म्हणजे झाडाला. का मला, कोण जाणे. मला ते सोसेना.

शेवटी खाली इस्त्रीवाल्याच्या गाडीवरून कोळशाचा एक तुकडा मागून आणला. अप्पा खिडकीशी बसले होते. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला आणि शेजारी बसून लिहायला लागले. तमिळमध्ये कोळशाला करी म्हणतात, तो शब्द घातला, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. झाडाच्या पोटात हे असतं, असं लिहिलं. पानं हवेतून हे ओढून घेतात. बुंध्यात ठेवतात, मुळांत ठेवतात. अम्मांनी लोटलेल्या पानांतून ते मातीत उतरलंय, म्हणून ती माती काळी. झाड पाडलं, जाळलं, माती उघडी टाकली की ते परत हवेत जातं आणि हवा अजून तापते. मी ते म्हणत होते, अप्पा. आमच्याकडे त्याला कर्ब म्हणतात.

अप्पांनी दोनदा वाचलं. कोळसा उलटून पालटून बघितला, बोटं काळी झाली.

“म्हणजे पोटांत लेंकरूं नव्हे?”

मी मान हलवली. नव्हे.

मग अप्पा आपल्या त्या जुन्या, हेल काढलेल्या, शेवटी तमिळ ‘मा’ जोडलेल्या मराठीत म्हणाले, “मग आपलें गेलें, तें कोठें गेलें मा?”

आपलं, म्हणाले. माझं नाही, आपलं. कर्ब कुठून येतो आणि कुठे जातो ते मला सगळं माहीत आहे, त्याचाच पगार घेते मी. ह्या प्रश्नाला मी काय लिहिणार होते? मी अप्पांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून ओक्साबोक्शी रडले. मला त्यांचा राग आला होता, नवऱ्याचा आला होता, मेलेल्या सासूचाही आला होता. हे त्याच वेळी कुणी का विचारलं नाही? नवरा दारात उभा होता. ह्या खेपेला तो गाडी पुसायला गेला नाही, पण आतही आला नाही.

संध्याकाळी अप्पांनी नवऱ्याला बोलावून सांगितलं की बागेचं तुला हवं ते कर. मी हबकले. मी लिहिलं, अप्पा, कोळसा असला म्हणून काय झालं, तोही राखायलाच हवा, त्याच्यासाठीच तर मी भांडत होते. लांबलचक लिहिलं, जमेल तितकं सोपं करून लिहिलं. त्यांनी वाचलं, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले की तुझें आहे म्हणून राखत होतो, कोळशाला राखायचं माझ्यात त्राण नाही. थकलेलाच माणूस तो. मी नवऱ्याशी पुन्हा वाद घातला, अगदी घसा बसेपर्यंत. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा की मग तू राख, नोकरी सोड आणि जा राहायला तिथे. नोकरी मी सोडली नाही. मी खरं सांगितलं आणि बाग गेली, इतकंच झालं.

यंत्र यायच्या दिवशी निघताना अप्पांनी नवऱ्याला थांबवलं. म्हणाले, त्या बांगड्या काढून तिच्या हातांत घाल. बाळंत झाल्यावर काढायच्या असतात, तिच्या कधी घातल्याच नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा पलीकडच्या ओळीत काम सुरू झालं होतं. झाड उपटताना आधी काही होत नाही, नुसतं इंजिन ओरडतं. मग जमीन आतून फाटते. मुळं बाहेर येतात तेव्हा त्यांच्याबरोबर ती काळी माती येते, ओली, वाफाळलेली. मला तिचा वास ओळखू येत होता. आता ती उन्हात पडणार, सुकणार, वर मुरूम आणि काँक्रीट येणार. मी प्रत्येक झाडाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, मग नवऱ्याला, मग यंत्राला.

नवऱ्याने रुमानीचा दोरा सोडला. बांगड्या फडक्याने पुसल्या. विहिरीच्या काठावर मला बसवलं आणि माझा हात हातात घेतला. त्या घेतल्या तेव्हा मी काडीसारखी होते, आता हात भरलेत. पहिलीच बांगडी अंगठ्याशी अडली. त्याने हातपंपावर जाऊन कुणाचा तरी साबणाचा तुकडा आणला, माझा हात ओला करून फेस केला, बोटं जुळवून दाबली आणि हळूहळू एकेक बांगडी पुढे सारायला लागला, बांगडीवाले करतात तशी. दुखत होतं. तो नाक ओढत होता. डावा हात झाला. उजव्या हाताला एक अडकली, त्याने जोर केला, आणि कट्‌ असा आवाज झाला. दोन तुकडे साबणाच्या फेसात पडले, माझ्या हातावर रक्ताची एक बारीक रेघ उमटली.

“वाढली,” तो पटकन म्हणाला. त्याच्या आईने म्हटलं असतं तसंच.

“वाढली नाही,” मी म्हटलं. “फुटली.”

तिकडे यंत्र थांबलं होतं, माणूस आम्हाला हात करून विचारत होता की हे झाड घेऊ का.

“फुटली,” नवरा म्हणाला. “आपलं मूल गेलं गं.” आणि माझ्या साबणाच्या हातांत तोंड घालून तो रडायला लागला, मोठ्याने, त्या माणसासमोर. मी त्याला थोडा वेळ रडू दिलं. मग आम्ही दोघं उठून विहिरीपासून लांब जाऊन उभे राहिलो, आणि यंत्र रुमानीकडे वळलं.